एकदा एकच काडतूस: पेनसिल्व्हेनियातली माझी पहिली रायफल

पहिल्यांदा गेली ती चवळी. २०२२ चा जून होता. सकाळी पाणी घालून आले तेव्हा वीतभर रोपं वाऱ्यावर डोलत होती. संध्याकाळी गेले तर सहा सऱ्यांमध्ये नुसते दांडे उभे होते. पुढच्या आठवड्यात गवार गेली, मग वांग्याची कोवळी पानं.

आम्ही बर्क्स काउंटीत राहतो. घरापासून बारा मिनिटांवर एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची अर्धा एकर जमीन मी खंडाने घेतली आहे. चवळी, गवार, मेथी, वांगी, दोडका करते आणि शनिवारी ओळखीच्या घरांना देते. पैसा फार नाही, पण बारा-तेरा वर्षं अमेरिकेत काढल्यावर नखांत माती जायला लागली तेव्हा मला पहिल्यांदा इथे घरच्यासारखं वाटलं. त्यामुळे ते दांडे बघून मी बांधावर बसून रडले होते, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

चोर ग्राउंडहॉग. दिसायला आपल्या घुशीसारखा, पण खारीच्या कुळातला. वजन चार-पाच किलोपर्यंत जातं. जमिनीत लांबच लांब बिळं करतो, तोंडं अनेक ठेवतो. नुसतं पीक खातो एवढंच असतं तर सोसलं असतं. जमिनीच्या मालकांच्या गवताच्या शेतात अशाच एका बिळात गाईचा पाय अडकून मोडला होता आणि जुन्या खळ्याच्या पायाखालची माती त्याने पोखरून ठेवली होती.

आधी कुंपण केलं. चार फूट उंच जाळी, खाली फूटभर पुरलेली, तळाशी बाहेरच्या अंगाला वळवलेली. खर्च २१० डॉलर आणि दोन शनिवार-रविवार. ज्यांना हाच त्रास आहे त्यांनी आधी हेच करावं, कारण निम्म्याहून जास्त नुकसान त्यानेच थांबलं. पण ग्राउंडहॉग चढतोही, हे मला त्याला जाळीवर चढताना बघून कळलं. पिंजऱ्याचाही विचार केला. पण रेबीजच्या भीतीमुळे पकडलेलं जनावर इथे दुसरीकडे नेऊन सोडता येत नाही. म्हणजे पिंजरा लावला तरी शेवट आपल्याच हाती. त्या दिवशी मालक म्हणाले, "पूर्वी मीच मारायचो. आता डोळे साथ देत नाहीत. तू परवाना काढ, माझी परवानगी आहे."

घरी येऊन मी दोन दिवस कुणाशी बोलले नाही. कुडाळजवळच्या आमच्या घरात बंदूक होती. आबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची एकनळी आहे. डुकरं भातात उतरायची तेव्हा ते रात्री माळ्यावर बसायचे. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची, मग पावती सांभाळायची, निकालानंतर परत आणायची. मला त्या बंदुकीला हात लावायची मुभा कधीच नव्हती. बंदूक हे बाप्यामाणसांचं काम, अशीच समजूत घेऊन मी मोठी झाले.

आता कागदपत्रांकडे येते, कारण मला सर्वात जास्त भीती त्यांचीच होती. एच-वन-बी किंवा एच-फोर अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस बाळगायला सर्वसाधारणपणे बंदी आहे. वैध शिकारी परवाना असणं हा तिला असलेल्या अपवादांपैकी एक. कायदेशीर वाट असली तरी मी त्या वाटेने गेले नाही. एखादी तारीख चुकली, परवाना संपला आणि काडतूस घरात राहिलं, तर थेट गुन्हा, आणि मग इतक्या वर्षांच्या रांगेवर पाणी. आमचं ग्रीन कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये हातात आलं, त्यानंतरच मी पहिलं पाऊल टाकलं. व्हिसावर असाल तर कुणाच्या ऐकीव माहितीवर जाऊ नका, माझ्याही नाही. तासाभराची फी देऊन वकिलाला विचारा.

पेनसिल्व्हेनियात पहिल्यांदा शिकारी परवाना काढणाऱ्याला गेम कमिशनचा, म्हणजे राज्याच्या वन्यजीव आणि शिकार खात्याचा, प्रशिक्षण वर्ग करावा लागतो. प्रत्यक्ष वर्ग फुकट असतो. मला जागा मिळाली ऑक्टोबरातल्या एका शनिवारी, गावच्या अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये. ११ वर्षांपासूनच्या मुलांना हा वर्ग करता येतो, त्यामुळे हॉलभर बापांबरोबर आलेली पोरं होती. साडी नेसलेली नसले तरी सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. पहिला अर्धा तास मी वहीतून मान वर केली नाही. मग शेजारच्या बारा वर्षांच्या मुलीने कुजबुजून विचारलं, "तुम्हालाही भीती वाटतेय का?" मी हो म्हटलं आणि आम्ही दोघी दिवसभर एकत्र बसलो.

शिकवणारे स्वयंसेवक होते आणि त्यांनी मनापासून शिकवलं. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं धरून चाला. नळीचं तोंड कायम सुरक्षित दिशेला. नेम पक्का होईपर्यंत बोट चापाबाहेर. निशाण्याच्या मागे काय आहे ते ठाऊक असल्याशिवाय गोळी नाही. कुंपण ओलांडताना बंदूक रिकामी करून आधी खाली ठेवायची, मग आपण ओलांडायचं. शेवटी लेखी परीक्षा, उत्तीर्ण व्हायला ८० टक्के. पुस्तिका आधी घरी वाचून जा. तिथे पहिल्यांदा वाचायला घेतली तर इंग्रजी कितीही चांगलं असलं तरी शब्द अडतात, कारण हे शब्द ऑफिसात कधी कानावर पडलेले नसतात.

मग रायफल शोधणं. दुकानांत गेलं की आधी दहा-दहा, वीस-वीस काडतुसांच्या रायफली पुढे येतात. मालकांनी मात्र आधीच बजावलं होतं: "एकाच काडतुसाची घे. मधून मोडणारी." एक कळ दाबली की नळी पुढे झुकते, मागचं तोंड उघडतं, एक काडतूस हाताने घालायचं, नळी बंद करायची. घोडा, म्हणजे चापाने सुटून काडतुसावर घाव घालणारा मागचा भाग, आधी हाताने मागे ओढल्याशिवाय ती उडत नाही. भरलेली आहे की रिकामी, हे उघडताच डोळ्यांना दिसतं. नवशिक्याला यासारखी निर्धास्त यंत्रणा दुसरी नाही, असं माझं ठाम मत आहे. शिवाय भाग कमी, म्हणून किंमतही कमी.

या प्रकारातलं जुनं, साधं नाव म्हणजे हॅरिंग्टन अँड रिचर्डसन. कंपनी मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टर शहरात १८७१ साली सुरू झाली. त्यांच्या 'हँडी रायफल' इथे कित्येक शेतघरांत दाराआड उभ्या असायच्या. २०१५ मध्ये उत्पादन बंद झालं, त्यामुळे मी शोधत होते तेव्हा मिळायची ती वापरलेलीच. मी .२२३ रेमिंग्टन काडतुसाची, जाड नळीची हवी असं ठरवलं. हे काडतूस जवळपास प्रत्येक दुकानात मिळतं, धक्का हलका असतो आणि जाड नळी सावकाश तापते. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी शोधण्यात गेले. दोन हातच्या गेल्या. एकीच्या नळीत आतून गंज होता, म्हणून मीच सोडली. वापरलेली घेताना नळी उघडून दुकानदाराकडून छोटा दिवा मागून आत बघा, आणि बंद केल्यावर सांधा हलतो का ते हाताने तपासा.

याच दरम्यान २ फेब्रुवारी आला. पंक्सटॉनी हे आमच्याच राज्यातलं गाव. तिथे त्या दिवशी फिल नावाच्या ग्राउंडहॉगला बिळातून बाहेर काढून हिवाळा किती उरला ते विचारतात. लेक तेव्हा नऊ वर्षांची. शाळेतून कागदाचा ग्राउंडहॉग करून आली आणि फ्रीजवर लावला. मी ओट्याशी उभी राहून रायफलीच्या किमती बघत होते. तिला खोटं सांगायचं नाही, एवढं त्या क्षणी ठरवलं. रात्री तिला सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "दुखणार नाही असं मारशील ना?" माझ्या सगळ्या सरावाच्या मुळाशी हा प्रश्न आहे.

रायफल मिळाली ११ मार्च २०२३ ला, चाळीस मिनिटांवरच्या एका छोट्या दुकानात. ३२५ डॉलर, वर ६ टक्के विक्रीकर. दुकानदाराने पुढे केला तो बंदूक खरेदीचा केंद्रीय फॉर्म, ४४७३. तुम्हीच खरे खरेदीदार आहात का, गुन्हा, अमली पदार्थ, घरगुती हिंसाचार, नागरिकत्व, असे प्रश्न एकामागून एक येतात. ग्रीन कार्डवाल्यांना कार्डवरचा नंबर लिहावा लागतो, म्हणून कार्ड बरोबर हवंच. फोटोच्या ओळखपत्रावर सध्याचा पत्ता हवा. सावकाश वाचा. चुकीचं उत्तर ही निव्वळ खाडाखोड ठरत नाही, आपण तिथे सही करून जबाब देत असतो.

पेनसिल्व्हेनियात पार्श्वभूमीची तपासणी राज्य पोलिसांच्या यंत्रणेमार्फत होते. तिचे २ डॉलर आणि विक्रीवरचा ३ डॉलरचा अधिभार, मिळून ५. बहुतेकांना काही मिनिटांत होकार येतो. माझं नाव अडलं. ग्रीन कार्डवर मधलं नाव नवऱ्याचं पूर्ण, ड्रायव्हिंग लायसन्सवर फक्त आद्याक्षर. आपल्या बायकांचं हे नेहमीचं दुखणं: माहेरचं नाव, सासरचं नाव, वडिलांचं, नवऱ्याचं, आणि प्रत्येक कागदावर वेगळी मांडणी. दुकानदार शांतपणे म्हणाला, "नकार नाही आलाय, पडताळणी चालू आहे. फोन करीन." गाडीत बसल्यावर मला घाम फुटला होता. काहीही केलेलं नसताना गुन्हेगार असल्यासारखं वाटतं, आणि हे ज्याच्या वाट्याला येईल त्याने घाबरून जाऊ नये म्हणून सविस्तर लिहिते आहे. नवव्या दिवशी, २० मार्चला, फोन आला. शक्य असेल तर आधीच सगळ्या ओळखपत्रांवर नाव एकसारखं करून घ्या.

रायफल घरी येण्याआधी कपाट आलं होतं: कुलपाचं, लोखंडी, १६० डॉलरचं, तळघराच्या भिंतीला बोल्टने घट्ट केलेलं. काडतुसं वेगळ्या डब्यात, वेगळ्या कुलपात, दोन्ही किल्ल्या माझ्याजवळ. नवऱ्याने पहिले काही दिवस तळघरात जायचं टाळलं. मी आग्रह केला नाही. एका संध्याकाळी तो स्वतःहून खाली आला, "उघडून दाखव," म्हणाला. मी उघडून दाखवली, पलीकडचा उजेड नळीतून दिसला, आणि त्याचा चेहरा सैल झाला.

आबांना फोनवर सांगितलं. मला वाटलं रागावतील. त्यांनी आधी विचारलं, "किती काडतुसा भरतत तेका?"

"एकच, आबा."

"मगे बरी. आमच्या ठासणीक भरुक दोन मिनटा लागत. तेवढ्यात डुकर घराक जाय." थोडं थांबून म्हणाले, "मागे कोण आसा ता बघ गो चेडवा. पुढचा मगे."

अग्निशमन केंद्रात दिवसभर शिकवलेलं आबांनी एका वाक्यात सांगितलं.

सराव गेम कमिशनच्या जमिनीवरच्या सार्वजनिक नेमबाजी रेंजवर केला. तिथे शिकारी परवाना किंवा रेंजचा वेगळा परवाना लागतो. शिकारी परवाना राज्यातल्या प्रौढाला तेव्हा २०.९७ डॉलरला मिळायचा, पण त्याचं वर्ष १ जुलै ते ३० जून असं धरतात. मी मार्चअखेर काढला, म्हणजे तीनच महिने चालला आणि जुलैत पुन्हा पैसे भरले. घाई नसेल तर जुलैपर्यंत थांबा.

पहिल्या दिवशी १०० यार्डांवर माझ्या पाच गोळ्या पाच इंचांत विखुरल्या. ग्राउंडहॉगच्या बाबतीत इतका फरक म्हणजे जखमी जनावर. लेकीचा प्रश्न कानात होता, म्हणून मी ठरवलं की हे दीड इंचात येत नाही तोवर शेतात जायचं नाही. तीन शनिवार तसेच गेले. चौथ्या शनिवारी शेजारच्या टेबलावरच्या एका बाईंनी बराच वेळ बघून विचारलं, "एक सांगू का?" दोन गोष्टी होत्या. मी रायफल पुढच्या लाकडाच्या टोकाशी टेकवत होते, आणि मधून मोडणाऱ्या रायफलीला ते मानवत नाही. उशी मागे, सांध्याजवळ घ्यायची आणि दर वेळी तिथेच. दुसरं, माझ्या स्कोपखालच्या, म्हणजे नेमाच्या दुर्बिणीखालच्या, पट्टीचा एक स्क्रू ढिला होता. मी स्वतः बसवला होता, चूक माझीच. स्क्रू आवळला, उशी मागे सरकवली आणि पुढच्या तीन गोळ्या सव्वा इंचात बसल्या. ती उशी मी घरी शिवली आहे, जुन्या जीन्सच्या पायात तांदूळ भरून.

आधी २५ यार्डांवर नेम जुळवून घ्या, म्हणजे कागदच सापडत नाही असं होत नाही. मग १०० वर. मी ५५ ग्रेनची, म्हणजे साधारण साडेतीन ग्रॅमची गोळी वापरते. १०० यार्डांवर ती नेमाच्या दीड इंच वर ठेवली की २०० च्या आसपास नेमावर येते, आणि त्यापलीकडे मी मारत नाही. दोन गोळ्यांमध्ये पाच मिनिटं थांबायचं, नळी निवू द्यायची. मी थर्मासमधून चहा नेते. कानांना आतून बोळे आणि वरून मफ, दोन्ही. .२२३ चा आवाज लहान काडतुसाला न शोभणारा मोठा आहे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात गवताची कापणी झाली आणि जनावरं उघड्यावर दिसू लागली. मालकांकडून मी लेखी परवानगी घेतली. शेजारच्या दोन घरांना जाऊन सांगितलं, कारण वस्तीच्या घरापासून १५० यार्डांच्या आत तिथे राहणाऱ्यांच्या परवानगीशिवाय बंदूक चालवता येत नाही. डोक्यावर झगझगीत नारिंगी टोपी, गाडीत रायफल कायम रिकामी. रविवारी शिकारीला तेव्हा बहुतांशी बंदी होती, म्हणून माझ्या वाट्याला शनिवार आणि कामानंतरच्या लांब संध्याकाळी आल्या.

पहिल्या पाच संध्याकाळी मी एकही गोळी झाडली नाही. एकदा तो उंचवट्याच्या माथ्यावर उभा होता, मागे नुसतं आभाळ. ही गोळी सेकंदाला तीन हजार फुटांहून जास्त वेगाने निघते. आभाळात गेली तर कुठे उतरेल ते सांगता येत नाही. एकदा मागे रस्ता होता. एकदा मादी होती आणि बिळाच्या तोंडाशी दोन पिल्लं. तेव्हा अडचण काही नव्हती, मागे मातीचा उंच बांध होता. मी काडतूस काढून खिशात टाकलं आणि घरी आले. पिल्लं स्वतंत्र होईपर्यंत थांबायचं, हा नियम कुठे लिहिलेला नाही, तो माझा आहे. त्या दोन आठवड्यांत चवळीची आणखी एक सरी गेली.

सहाव्या संध्याकाळी, साडेसातच्या सुमाराला, एक मोठा नर बांधाच्या उतारावर आला. अंतर ११० यार्ड, मागे माती. काडतूस घातलं, नळी बंद केली, घोडा मागे ओढला. दुसरं काडतूस खिशात होतं, पण ते काढून भरेपर्यंत सगळं संपलेलं असतं, हे हातालाही कळतं. श्वास अर्धा सोडून थांबले आणि चाप दाबला. तो जागच्या जागी पडला, पाय हलला नाही.

मला आनंद झाला नाही. हात थरथरत होते, गुडघ्यांत जीव नव्हता. जवळ जाऊन बसले, हातमोजे घातले होते तरी त्याच्या अंगाची ऊब जाणवली. लेकीला घरी आल्यावर सांगितलं की त्याला कळलंसुद्धा नाही.

त्याचं मटण खातात. पुढच्या पायांखाली आणि पाठीच्या खालच्या भागात छोट्या ग्रंथी असतात, त्या न फोडता आधी काढायच्या, नाहीतर वास राहतो. मालकांनी एकदा दाखवलं, मग मी केलं. रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवून, दुसऱ्या दिवशी आईने पाठवलेला मालवणी मसाला आणि भाजलेलं खोबरं घालून रस्सा केला. मंद आचेवर दोन तास लागले. चव सशाच्या जवळची. खायचं असेल तर नेम डोक्याचाच हवा, कारण ही गोळी आत फुटते आणि बाकीचं मांस वाया जातं. नवऱ्याने दोनदा रस्सा घेतला, लेकीने नाही घेतला आणि तिला कुणी काही म्हटलं नाही.

त्या मोसमात मी एकूण चार मारले. चवळी ऑगस्टमध्ये आली. पहिली जुडी मालकांना दिली.

खर्चाचं विचारतात म्हणून सांगते. रायफल कर आणि तपासणीसह ३४९.५० डॉलर. वापरलेला स्कोप आणि त्याच्या रिंगा १७५. कपाट १६०. कान-डोळ्यांचं संरक्षण ४५. परवाना दोनदा, ४२. सरावासकट पहिल्या मोसमाची काडतुसं ११० च्या आसपास. म्हणजे नऊशेला थोडे कमी, आणि त्यात खुद्द रायफल निम्म्याहूनही कमी. स्वस्त रायफल घेताना बाकीचे पैसे बाजूला ठेवा. कपाटात आणि कानांच्या मफमध्ये काटकसर करू नका.

आणखी एक, गावी जाणाऱ्यांसाठी. रेंजवर नेलेली पिशवी, कोट, पँट विमानात नेऊ नका. भारतातल्या विमानतळावर सामानात एक जिवंत काडतूस सापडलं तरी शस्त्र कायद्याखाली पोलीस केस होऊ शकते, "विसरले" म्हणून सुटका होईलच असं नाही. डिसेंबर २०२३ मध्ये निघण्याआधी मी सगळे खिसे उलटे केले. हिवाळी जॅकेटच्या आतल्या खिशात एक मिळालं. त्याच दिवशी ते डब्यात परत गेलं आणि जॅकेट घरीच राहिलं.

कुडाळला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी आबांनी बंदूक काढली, पुसायला. घोडा बघितला, मग नळीचं तोंड उंबऱ्याबाहेर ठेवून गज हळूच आत सोडला. तो तळाला टेकला तेव्हा बाहेर किती उरला ते बोटाने मोजलं आणि मान हलवली. लहानपणी हे मी शंभर वेळा पाहिलं होतं आणि मला वाटायचं की ते नळी साफ करतायत. आत बार भरलेला असता तर गज तेवढा वरच अडला असता.

"रिकामी आसा," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच ती माझ्या हातात दिली.